पपईच्या सालींवर रंगलेले मासे

रामकृष्णभाऊ घरी दारू गाळतात, ही बातमी आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, कोणी सोडली ते विचारू नका. पण रेल्वेतून रिटायर झालेला माणूस भनपुरीच्या ज्यूसवाल्याकडून पोतं भरभरून साली काहून आणते, अन् गच्चीवरून आंबूस वास काहून येते, याचं दुसरं उत्तर कोणाजवळ नव्हतं.

उत्तर टाक्यांमध्ये पोहत होतं. भाऊंनी गच्चीवर गोल्डफिश पाळले होते. पपई-संत्र्याच्या साली शिजवायच्या, वाटायच्या, कोंडा आणि सोयाबीनचं पीठ घालून मळायच्या, मग रमावहिनींच्या सोऱ्यानं चादरीवर पाडून उन्हात वाळवायच्या. फिक्या माशांना केशरी रंग चढावा म्हणून हा सगळा खटाटोप. सोऱ्या गेला, तेव्हा वहिनींनी चालवून घेतलं. अर्धी गच्ची गेली, तेव्हा बोलल्या, "आज भैय्यालालनं मासे घेतले तं ठीक. नाही तं टाक्या भंगारात अन् सगळी गच्ची माह्या कुरडयांले!"

भैय्यालालचं रंगीत माशांचं दुकान. तो हिंदीत बोलायचा, भाऊ मराठीत. दोघांचं छान जमायचं. त्या दिवशी मात्र टाकीत डोकावून त्यानं भुवई चढवली. "इतना रंग? दाने में केमिकल डाला है क्या, भैया?"

"फळांच्या साली आहेत, बाकी काही नाही."

"सब यही बोलते हैं."

भाऊंचा चेहरा उतरला. तेवढ्यात वहिनी चहा आणि तळलेल्या टोमॅटोच्या कुरडया घेऊन आल्या. भैय्यालालनं बोलता बोलता अर्धी ताटली संपवली. "भाभी, थोड़ा कड़वा है, पर मज़ा आ गया!"

कडवट? भाऊंनी एक तुकडा चाखला आणि वहिनींकडे पाहिलं. वहिनींनी वाळवणाकडे पाहिलं. दोन चादरी शेजारी शेजारी, रंग एक, सोऱ्याही एकच.

"अगं बाई!" वहिनींनी तोंडावर पदर घेतला. "हे तं माशांचं!"

भैय्यालालचा घास तोंडातच थांबला. "क्या? मछली का दाना खिला दिया मेरे को?"

खाली जिन्यात आमच्यासारख्या चौघांचे कान टवकारलेलेच होते. आता माफी मागतील, हातापाया पडतील, असं सगळ्यांना वाटलं. भाऊंनी ताटली शांतपणे त्याच्यापुढे सरकवली.

"केमिकल असतं तं आतापर्यंत तू आडवा झाला असता. बसून बोलून राहिला नं? मग मासे बांधू, का अजून तळायले सांगू?"