परवा कापायच्या कोंबड्या

नवी कोंबडी हातात आली की काकू आधी तिच्या मानेवरची पिसं फुंकायच्या, मग शेपटी उचलून बघायच्या. उवा नाहीत, हगवण नाही, एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. "आंधी राहू दे बाजूले. मंग पाहू," म्हणायच्या, आणि कोंबडी थेट परसातल्या लांबच्या कोपऱ्यात डाल्याखाली जायची.

मारेगावात माझं शिवणाचं दुकान त्यांच्या अंगणाला लागून आहे. मशीनवर बसलं की खिडकीतून सगळं दिसतं. नवरा गेल्यापासून काकू विधुर दिराच्या घरात राहत होत्या. घर त्याचं, शेत त्याचं, चूल मात्र काकूंच्या गळ्यात. त्यांचं स्वतःचं म्हणावं असं काही असेल तर त्या गावरान कोंबड्या.

नवीला महिनाभर पाणी वेगळं, दाणा वेगळा. तिच्याकडून आल्या की काकू पाय धुवायच्या. मी चिडवायचो, "काकू, कोंबडी हाय का बाळंतीण?"

"तू आपले काजे कर."

मग डालं जुन्यांच्या जवळ सरकायचं. एकमेकींना नुसतं बघू द्यायचं. शेवटी एका संध्याकाळी, जुन्या खुराड्यात बसल्या की नवीला अलगद त्यांच्यात ठेवायचं. सकाळी थोडी टोचाटोची व्हायचीच, पण रक्त निघालं नाही तर काकू मध्ये पडत नसत.

आपल्याकडे जावई आला की गावरान रस्सा लागतोच, हे तुम्हाला काय सांगायचं. दिराचा जावई येणार होता. काकूंच्या कोंबड्या अंड्यावर, म्हणून दिराने बाजारातून दोन आणल्या, पायाची दोरी सोडली आणि दिल्या अंगणात सोडून.

काकू तव्यावरची भाकर टाकून धावल्या. "भाऊजी, डाल्याखाली ठेवा त्याइले!"

"परवा कापाच्याच हायेत, वहिनी. कायले लफडं?"

इथे माझं डोकं फिरतं. कापायची म्हणून काय तिचा आजार परवापर्यंत दम धरतो? काकूंनी दोघींना पकडलं, पण तोवर त्यांनी सगळ्यांच्या घमेल्यात चोची घातल्या होत्या.

रस्सा काकूंनीच रांधला. जावयाने बोटं चाटली. तो गेला आणि काकूंची तांबडी कोंबडी पिसं फुलवून, मान टाकून बसली. मग दुसरी. आठवड्यात अंगण रिकामं झालं. त्याच दिवसांत गल्लीतल्या एकाने निरोपही धाडला, अजून जीव असलेली एखादी द्या, कापतो. काकूंनी एकही दिली नाही. परसात खड्डा खणला, चुना टाकला, पुरल्या.

दीर ओट्यावर दात कोरत म्हणाला, "कोंबड्याच तं होत्या. नव्या आणून देतो."

मला खिडकीतून कात्री फेकून मारावीशी वाटली.

काकू हातावरचा चुना धूत होत्या. म्हणाल्या, "अंगण तुमचं हाय, भाऊजी. कोंबड्या तेवढ्या माह्या होत्या."

नंतर त्या लेकीकडे फुलसावंगीला गेल्या, त्या गेल्याच. बाई कोंबड्यांपायी घर सोडून गेली, म्हणून लोक हसतात. त्या हसणाऱ्यांचा मला दिरापेक्षा जास्त राग येतो.

परवा तो दीर शर्टाचं कापड घेऊन आला. मापाला उभा राहिला आणि म्हणाला, "वहिनी तुले काही बोलल्या का? कधी येतात? घरात भाकर कराले कोणी नाही, भाऊ."

मी त्याच्या खांद्यावरचा टेप काढला आणि कापड घडी करून त्याच्या हातात परत दिलं.