पडद्याची डॉक्टर

त्या दिवशी सकाळी माझ्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. संध्याकाळी तिने ऑपरेशन केलं. मग माझ्या मानेवर दोन बोटं ठेवून ती म्हणाली, "मान खाली." त्या दिवसापर्यंत मी मोतीबिंदूची ऑपरेशनं करत होतो.

हे "मान खाली" तुमच्यापैकी काहींनी ऐकलं असेल. कसबा पेठेजवळच्या आमच्या डोळ्यांच्या धर्मादाय रुग्णालयात ज्यांच्या घरचं कुणी पडद्यासाठी राहिलं असेल, त्यांनी तर नक्कीच. डोळ्याच्या मागच्या भिंतीला आतून एक पातळ पडदा असतो. तो सुटला की डोळ्यात वायूचा बुडबुडा भरून त्याला भिंतीशी दाबून धरायचं. बुडबुडा वर चढतो, म्हणून पेशंटने मान खाली ठेवायची. जेवताना, झोपताना, भेटायला व्याही आले तरी. माणसं कंटाळायची, हळूच मान वर करायची, आणि नेमकी तेव्हा ती वॉर्डात शिरायची.

"काय बघताय आजोबा छताला? जळमटं आहेत, मला माहीत आहे. मान खाली."

रुग्णालयात सगळे तिला मॅडम म्हणत. मी एकटा अगं-तुगं करत असे, कारण आम्ही एका वर्गात शिकलो होतो. पडद्याच्या शस्त्रक्रियेचं शिक्षण घ्यायला तेव्हा मद्रासला जावं लागे. आम्ही दोघांनीही अर्ज केले. बोलावणं तिला आलं. मी पुण्यात राहिलो आणि मोतीबिंदू काढू लागलो.

मोतीबिंदूचा डॉक्टर लोकांना आवडतो. पट्टी निघते, सासऱ्यांना सुनेचा चेहरा दिसतो, पेढे येतात. तिच्याकडे पेढे क्वचितच येत. तिचे कितीतरी पेशंट आहे तेवढं दिसणं टिकावं म्हणून वर्षानुवर्षं येत राहायचे. तरी बाहेरगावचा कुणी डॉक्टर आला की मला विचारायचा, "मॅडम कुठे बसतात?" मी जिन्याकडे हात करायचो. पेढे माझ्या टेबलावर असायचे आणि माणसं जिना चढून जायची.

मधुमेहाने पडदा खराब होतो, आणि माणसाला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून तिने वस्त्यांमध्ये जाऊन तपासण्या सुरू केल्या. पहिलं शिबिर तिने बिबवेवाडीत एका मिठाईच्या दुकानाशेजारी भरवलं. मालक तणतणत बाहेर आला.

"अहो बाई, ऐन दिवाळीत माझ्या दारात हे कशाला?"

"आपलं गिऱ्हाईक एकच आहे. तुमच्याकडून निघालं की माझ्याकडे येतं. मधली पायपीट वाचवतेय. बसा, आधी तुमचेच डोळे बघू."

मालक बसला. त्याच्याही पडद्यावर डाग निघाले. पुढच्या वर्षी मांडव त्यानेच घालून दिला. हे मला तिने सांगितलं नाही. मी तिथे पेशंटांची दृष्टी तपासायला उभा होतो. असं काही मला का सुचत नाही, हा प्रश्न मी त्या दिवशी घरी घेऊन आलो.

धायरीच्या शेतकऱ्याची हकीकत सांगितल्याशिवाय मात्र ती तुम्हाला कळायची नाही. त्याच्या डोळ्यात तिने बुडबुडा भरला होता. घरी सोडताना नेहमीप्रमाणे बजावलं होतं, विमानात बसायचं नाही. उंचावर गेलं की बुडबुडा फुगतो आणि डोळ्यातला दाब वाढतो. काही दिवसांनी शेतकरी डोळा धरून कण्हत आला. ओपीडीत मी होतो. दाब मोजला, खूप वाढलेला. मी काचबिंदूचा विचार केला, थेंब घातले, औषध दिलं. सगळं पुस्तकाप्रमाणे. तेवढ्यात ती आली. डोळ्याकडे तिने पाहिलंही नाही.

"काल कुठे गेला होतात?"

"कुटं न्हाई बाई. गडावर. नवस हुता डोळ्याचा, तो फेडाया."

"सिंहगडावर?"

"व्हय. पर तुम्ही म्हनला हुता इमानात बसायचं न्हाई. आमी जीपनं गेलो की!"

ती त्याच्यावर रागावली नाही. खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "चूक तुमची नाही, आजोबा. आम्ही परदेशातल्या पुस्तकातली सूचना तुम्हाला वाचून दाखवतो. विमानाशी तुमचा काय संबंध? तुम्ही देवाला जाणार, आणि देव सगळे डोंगरावर." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "चांगला पकडलास दाब. वेळेवर थेंब घातलेस."

त्या दिवसापासून ती प्रत्येकाला गावाचं नाव, कुलदैवत आणि वाटेतला घाट विचारू लागली. वाई, महाबळेश्वर, जेजुरी. चढण केवढी आणि दाब किती वाढला, हे ती वर्षानुवर्षं जुळवत राहिली. त्यातून तिचा शोधनिबंध झाला. दिल्लीच्या परिषदेत तिने तो वाचला तेव्हा मी मागच्या रांगेत बसलो होतो. पडद्यावर पहिल्याच चित्रात तिच्या नावाखाली माझं नाव होतं. मला विचारलंही नव्हतं. बाहेर चहाच्या टेबलाशी मी म्हणालो, "माझं नाव कशाला घातलंस?"

"पेशंट आधी तू पाहिलास ना."

तिने माझं काही चोरलं असतं तर बरं झालं असतं. रागावायला जागा राहिली असती.

तर अशा तिच्या हाती माझा डोळा गेला. ऑपरेशननंतर मी मान खाली घालून पलंगाच्या कडेला बसलेला असे. दिसायच्या त्या फक्त फरशा आणि माणसांच्या चपला. दुपारी ती डबा घेऊन यायची आणि सरळ जमिनीवर बसायची, म्हणजे मान न उचलता मला तिचा चेहरा दिसायचा. भेंडीची भाजी खात ती मला जुन्या मास्तरांच्या नकला करून दाखवी. मी हसून मान हलवली की ओरडायची. ती सगळ्याच पेशंटांशी अशी बसते, हे मला ठाऊक होतं. त्या दुपारी तेवढं ठाऊक नसतं तर चाललं असतं, असं वाटायचं.

बुडबुडा विरला. पडदा बसला. पण आधी त्याचा मधला, बारीक पाहण्याचा भागही सुटला होता, त्यामुळे सरळ रेष किंचित वाकडी दिसत राहिली आणि खोलीचा अंदाज येईना. शस्त्रक्रियेच्या सूक्ष्मदर्शकातून पाहताना दोन्ही डोळ्यांची जोडी लागते. मला उत्तर माहीत होतं. ते तिच्या तोंडून नको होतं, आणि दुसऱ्या कुणाच्याही तोंडून चाललं नसतं.

"परत ऑपरेशनं करायला बसू का?" मी विचारलं.

तिने हातातला दिवा बंद केला. तिच्या आईचे दोन्ही मोतीबिंदू मी काढले होते. तेव्हा मला वाटलं होतं, जुन्या ओळखीखातर आणलं असेल.

"पुण्यात इतके डॉक्टर असताना आईला तुझ्याकडे का आणलं होतं? वर्गात तुझ्यासारखा हात कुणाचा नव्हता. माझाही नव्हता."

मी तिच्या हातातल्या बंद दिव्याकडे पाहिलं.

"आज नसती आणली," ती म्हणाली.

माझ्या हाताबद्दल ती एवढंच बोलली. सगळा जन्म ज्या वाक्याची वाट पाहिली, ते मला या शेवटच्या वाक्याबरोबर मिळालं.

मी ओपीडीत चष्म्याचे नंबर काढू लागलो. ती वर ऑपरेशनं करत राहिली. मी अजूनही लोकांना जिना दाखवत होतो.

गेल्या वर्षी ती गेली. आजार फार दिवस चालला नाही. शोकसभेत तिची एक विद्यार्थिनी बोलायला उठली. "पहिल्या ऑपरेशनला माझा हात थरथरला तेव्हा मॅडमनी मला कोपराने बाजूला सारलं आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच जागी बसवलं," एवढं म्हणून ती रडायला लागली. मलाही बोलायला सांगितलं. मी तिच्या संशोधनाबद्दल चार वाक्यं नीट बोललो आणि खाली बसलो. त्या मुलीचा मला हेवा वाटला. तिला दुसरा दिवस मिळाला होता.

आता वरच्या मजल्यावर तीच मुलगी बसते. माझा डोळा तीच तपासते. पडदा जागेवर आहे, म्हणते. उजव्या डोळ्यात मोतीबिंदू वाढतो आहे. तो कुणाकडून काढून घ्यावा, हे अजून ठरत नाही. तोवर वाचतो ते डाव्या डोळ्याने.