मामांचं ‘बघू’

मी पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात तक्रारींच्या खिडकीवर बसतो. चोवीस वर्षं झाली. या चोवीस वर्षांत मी सगळ्यात जास्त वेळा उच्चारलेला शब्द बायकोचं नाव नव्हे, ‘बघू’ आहे. समोरच्याला ‘नाही’ म्हटलं तर तो भांडतो, ‘हो’ म्हटलं तर दुसऱ्या दिवशी दारात हजर. ‘बघू’ म्हटलं की बिचारा निमूट घरी जातो. हे मला कुणी शिकवलं नाही, खुर्चीच शिकवते. त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या तोंडून ‘बघू’ ऐकलं की माझे कान टवकारतात. चोराच्या वाटा चोराला ठाऊक.

हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे घडलं त्यात माझं काही चांगलं दिसणार नाही. ते सजवून सांगायचीही मला आता लाज वाटते.

डॉक्टरांनी रक्तदाबाचा आकडा बघितला आणि म्हणाले, पंधरा दिवस सुट्टी घ्या. मी घासाघीस करून चारावर आणलं. बायकोनं समुद्रकाठचं एक लहानसं गाव शोधून काढलं. तिथं एकच रस्ता, तोही समुद्र दिसला की संपणारा. दुपारी दुकानदार शटर अर्धं ओढून आत झोपतात. गिऱ्हाईक आलंच तर त्यानं वाकून आत हाक मारायची. कुत्री रस्त्याच्या मधोमध पसरलेली, वळसा गाडीनंच घालायचा. बायको म्हणाली, “अहो, ते घड्याळ काढून ठेवा बघू आधी.” मी काढलं, खिशात ठेवलं आणि दर दहा मिनिटांनी खिशात हात घालत राहिलो.

आमचं गेस्टहाऊस म्हणजे पांढऱ्या रंगाचं, सहा खोल्यांचं जुनं लाकडी घर. ते सांभाळणाऱ्या गृहस्थांना पाहुणे, दूधवाला, पोस्टमन, सगळे मामा म्हणत. वय अडुसष्ट, शरीर उंच पण पाठीत वाकलेलं, शर्टाच्या खिशात पक्कड, स्क्रू-ड्रायव्हर आणि मेणबत्तीचा तुकडा. स्वयंपाकघरामागच्या खोलीत ते एकतीस वर्षं राहत होते. चालणं असं की आधी पाऊल कुठं टाकायचं ते ठरवायचं आणि मग टाकायचं.

पहिल्याच संध्याकाळी मी त्यांना म्हणालो, “मामा, खिडकीची एक झडप वाऱ्यानं आपटतेय. झोप लागायची नाही.”

“बघू,” ते म्हणाले.

“आणि नळाला गरम पाणी?”

“तेही बघू.”

मी बायकोकडं पाहिलं. ती हसत होती. “माणूस शांत आहे हो,” ती म्हणाली. मला ती शांतता चांगली ओळखीची होती. मी ती रोज दहा ते पाच करतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी झडप आपटतच होती. पाणी कोमट. समोरच्या बेटावर दीपगृह होतं आणि तिकडं फेरीबोट जाते असं आम्ही ऐकलं होतं. बायकोला तिथं जायचं होतं. इतकी वर्षं संसार केला, पण तिनं तोंड उघडून मागितलेल्या गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या. मी मामांना विचारलं, बोटीची दोन तिकिटं मिळतील का?

“बघू,” मामा म्हणाले. आता मी चिडलो.

त्याच संध्याकाळी ते व्हरांड्यात आले आणि खांबापाशी उभे राहिले. बायकोनं बसा म्हटलं तर पायरीवर टेकले. काखेत एक जाड वही होती. प्रत्येक पानावर छापील आकडा असलेली, पाहुण्यांनी अभिप्राय लिहायची.

“साहेब, एक विनंती होती,” ते म्हणाले. “शनिवारी बाई येतायत. मालकीणबाई. त्यांचा भाचा म्हणतोय, म्हातारा आता पुरे झाला, नवा मॅनेजर ठेवू. बाई म्हणाल्या, पाहुणे वहीत काय लिहितात ते वाचते आणि मग ठरवते. या महिन्यात तुम्हीच दोघं आलात. जाताना दोन ओळी लिहाल?”

“आणि ठेवलं नाही तर?” बायकोनं विचारलं.

“तर भावाकडं. त्याची एक खोली आहे. त्यात तो, त्याची बायको, मुलगा आणि सून. मी गेलो तर पाय आळीपाळीनं पसरावे लागतील.” आपल्याच विनोदावर ते हसले. “इथली खोली लहान आहे, पण सवय झालीय हो वहिनी.”

मी म्हणालो, “बघू.”

मामांनी समाधानानं मान हलवली आणि वही टेबलावर ठेवून गेले. या उत्तरात समाधान मानण्यासारखं काय होतं, ते मला तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी फिरून आलो तर खिडकीची झडप जागेवरच नव्हती. पार काढून नेलेली. भोकात चादर कोंबलेली. आंघोळीला पाणी अजिबातच नाही, आणि बोटीचं कुणी नावही काढेना. मी व्हरांड्यात येरझारा घालायला लागलो.

“अहो, तो माणूस पहाटेपासून काहीतरी करत असतो,” बायको म्हणाली. “मी उठते तेव्हा छपरावर टाकीपाशी असतो.”

“टाकीपाशी असतो, पण पाणी कुठं असतं? नावाचे मामा आहेत, आणि मामा बनवतायत आपल्याला.”

“तुम्ही सुट्टीवर आलायत.”

“मी सुट्टीवर आहे. तेही सुट्टीवर आहेत का?”

ती उठून समुद्राकडं निघून गेली. माझ्यासमोर वही होती. पेन तर माझ्या खिशात कायमच असतं. मी मोठ्या, सुवाच्य अक्षरात लिहिलं: ‘येथील व्यवस्थापक प्रत्येक बाबतीत “बघू” असे म्हणून काम टाळतात. त्यांचे वय लक्षात घेता त्यांना विश्रांती देणे उचित ठरेल.’ खाली सही, हुद्दा, तारीख. ‘विश्रांती’ हा शब्द सुचला तेव्हा मला स्वतःचं कौतुक वाटलं. माणसाला घराबाहेर काढायचं आणि वर त्याची काळजी घेतल्यासारखं दिसायचं, हे आमच्या खात्यात भल्याभल्यांना जमत नाही. पाय आळीपाळीनं पसरण्याची गोष्ट मला लिहिताना आठवत होती. विसरलो होतो असं म्हणायची सोय नाही. आठवत असूनही मी लिहिलं.

शनिवारी सकाळी बायको उठायच्या आत मी धक्क्यावर गेलो. म्हटलं, आपणच तिकिटं काढावी. तिकिटाच्या खिडकीत साठीचा एक माणूस बसला होता. एक पाय समोरच्या स्टुलावर सरळ ताणून ठेवलेला. मी आधी माझं गाऱ्हाणं सांगितलं.

“गेस्टहाऊसच्या मामांना परवा बोटीचं विचारलं. ‘बघू’ म्हणाले आणि खुशाल विसरले.”

तिकीटवाला हसला. “‘बघू’ म्हणाला ना? मग विसरतोय कसला! परवा संध्याकाळी आला, काल सकाळी परत आला. लहान बोटीत उतरून फळ्या हातानं चाचपल्या. त्याला जवळचं दिसत नाही, मोतीबिंदू आहे, म्हणून सगळं हात लावून बघतो. मला म्हणाला, एक फळी मऊ लागतेय, आणि साहेबांना रक्तदाब आहे, त्यांना हिच्यात बसवू नकोस. मोठी बोट दुरुस्त होऊन आज दहाला येतेय. तिच्यात तुमच्या दोन जागा धरून ठेवायला लावल्यात त्यानं. पुढच्या, म्हणजे वहिनींना नीट दिसेल.”

माझ्या रक्तदाबाचं मामांना कुणी सांगितलं होतं? बायकोनंच, पहिल्या दिवशी, जेवणात मीठ बेतानं घाला म्हणून.

“तुम्ही ओळखता त्यांना?” मी विचारलं.

“सख्खा भाऊ आहे माझा.” त्यानं ताठ गुडघ्यावर थाप मारली. “ही त्याचीच कृपा. पूर्वी आम्ही दोघं फेरीबोटीवर होतो. एकदा मी विचारलं, दादा, दोर बघितलास का? हा पडल्या पडल्या म्हणाला, हो. बघितला नव्हता. दोर तुटला आणि सटकन इथं बसला. त्याला आता चाळीस वर्षं होतील. मी कधीच विसरून गेलो, पण तो नाही विसरला. तेव्हापासून काहीही विचारा, आधी ‘हो’ म्हणत नाही. ‘बघू’ म्हणतो, जातो, बघतो आणि मग सांगतो. अहो, लग्नाचं विचारलं तेव्हाही ‘बघू’ म्हणाला! मुलीकडची माणसं उठून गेली. त्यांना वाटलं, नकार आहे. हा पुढच्या आठवड्यात नवे कपडे घालून मुलगी बघायला त्यांच्या दारात.” तो पोट धरून हसत होता. “तोवर तिचं दुसरीकडं ठरलं होतं.”

मलाही हसायला हवं होतं. त्या मुलीकडच्या लोकांना निदान शब्दाचा अर्थ चुकीचा कळला एवढंच, त्याला घराबाहेर काढा असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं नव्हतं.

मी परत फिरलो. चढाचा रस्ता मी जवळजवळ पळत गेलो. डॉक्टरांनी पाहिलं असतं तर त्यांनी माझं नाव टाकलं असतं. वही टेबलावर आहे, बाई यायच्या आहेत, काहीतरी करता येईल, एवढंच डोक्यात होतं.

व्हरांड्यात मामा पायरीवर बसले होते. शेजारी वाडग्यात तेल आणि त्यात बुडवलेल्या दोन गंजक्या बिजागऱ्या. झडप भिंतीला टेकवलेली. बिजागऱ्या जबरदस्तीनं फिरवल्या असत्या तर चौकट फुटली असती, हे आता मलाही दिसलं. टाकीही त्यांनी गाळ काढायलाच रिकामी केली असणार. बायको खुर्चीत होती आणि वही तिच्या मांडीवर. ती मामांना वाचून दाखवत होती.

“‘मामांनी आमची घरच्या माणसासारखी काळजी घेतली,’” ती वाचत होती. “‘प्रत्येक गोष्ट ते स्वतः जाऊन बघतात. असा माणूस मिळायला भाग्य लागतं.’”

तिचं बोट माझ्या ओळींवरून पुढं सरकत होतं. तिनं मान वर केली आणि मला पाहिलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, पण तिनं माझ्याकडं तसं कधी पाहिलं नव्हतं. तिला माझी लाज वाटत होती, आणि ती बरोबर होती.

“साहेब, ‘बघू’ एवढा शब्द मलाही वाचता आला हो!” मामा उठून उभे राहिले. “अक्षर मोठं आहे तुमचं. वहिनींना म्हटलं, साहेबांच्या बरोबर लक्षात आलं. नाहीतर लोकांना वाटतं, म्हातारा टाळतोय.”

मामा चहा ठेवायला आत गेले आणि बायको हळू आवाजात म्हणाली, “खोडून टाका.”

“खोडलेली ओळ साहेब लोक आधी वाचतात,” मी म्हणालो. एवढं ज्ञान मला होतं. पान फाडावं तर आकडे छापलेले.

मग मी त्याच पानावर खाली लिहायला बसलो. या वेळी ‘उचित ठरेल’ वगैरे सुचेना. मी लिहिलं: ‘वरचं मी रागाच्या भरात लिहिलं, ते खोटं आहे. मी ऑफिसात लोकांना टाळायला ‘बघू’ म्हणतो, म्हणून मला वाटलं, हेही टाळतायत. हे खरंच जाऊन बघतात. ते मी आज त्यांच्या भावाकडून ऐकलं. काढून टाकायचंच असेल तर माझं लिहिणं वहीतून काढा, त्यांना खोलीतून काढू नका.’ सही केली. हुद्दा लिहायला हात वळेना, पण वर लिहिला होता म्हणून खालीही लिहिला.

शाई वाळली नाही तोच मालकीणबाईंची गाडी आली. सत्तरीच्या, काठी टेकत चालणाऱ्या, आवाज खणखणीत. खुर्चीत बसल्या, चहाचा घोट घेतला आणि वही मागितली. मला वाटलं होतं, त्या मनात वाचतील. पण काही माणसांना मोठ्यानं वाचल्याशिवाय कळत नाही. त्यांनी पहिल्या अक्षरापासून सुरुवात केली. ‘येथील व्यवस्थापक प्रत्येक बाबतीत.’ मी हात पुढं केला. “बाई, खालचं आधी...” पण त्या थांबल्या नाहीत. ‘विश्रांती देणे उचित ठरेल’ त्यांनी वाचलं तेव्हा धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. मामा ट्रे धरून उभे होते. मग खालचं सगळं, ऑफिससकट, त्यांनी तितक्याच मोठ्यानं वाचलं.

वही मिटून त्यांनी माझ्याकडं पाहिलं. “खाडाखोड न करता खरं लिहिणारा पाहुणा पहिल्यांदाच पाहिला,” त्या म्हणाल्या. स्तुती की टोमणा, मला ठरवता आलं नाही. मग मामांकडं वळून म्हणाल्या, “खोली तुमचीच आहे. डोळ्यांचं मात्र या महिन्यात करून घ्यायचं. भाच्याला मी सांगते.”

मामांनी मान हलवली. म्हणजे काम झालं होतं. घर वाचलं होतं. मला हायसं वाटायला हवं होतं.

खाली धक्क्यावर दहाच्या बोटीचा भोंगा झाला. आमच्या दोन जागा तिच्यात रिकाम्याच गेल्या.

मामांनी ट्रे टेबलावर ठेवला. ते माझ्या बायकोसमोर जाऊन उभे राहिले आणि अगदी साधेपणानं विचारलं, “वहिनी, मघाशी तुम्ही वाचलंत, ते कुठल्या पानावर आहे?”

तिनं मान खाली घातली. आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच ती खोटं बोलली होती, तेही माझ्यासाठी आणि त्यांच्यासाठी. मी खरं लिहिलं आणि तिला भर व्हरांड्यात खोटं पाडलं. ते लिहिताना माझ्या मनातही आलं नव्हतं.

“कुठंच नाही, मामा,” ती म्हणाली.

“असू दे,” मामा म्हणाले. “पण छान वाचलंत.”

त्यांनी बिजागऱ्यांचं वाडगं उचललं आणि खिडकीकडं गेले. मला त्यांनी काहीच विचारलं नाही.