उपास मला, लाडू त्याला

लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. धरणगावजवळच्या आमच्या गावात त्यावर ठरलेला उपाय होता: बाईनं सोमवार धरायचे आणि पुरुषाला उडीद-डिंकाचे लाडू चारायचे. सासू म्हणायची, "गडीना आंगमा ताकद पाहिजे." तुपानं थबथबलेले ते लाडू उपाशीपोटी मीच वळायचे. आज आठवलं तरी डोकं फिरतं.

नवरा चांगलाच सुटला होता. घटाघटा पाणी प्यायचा, घडीघडी लघवीला उठायचा, जेवल्यावर बसल्या जागी पेंगायचा. घरचे कौतुकानं म्हणायचे, अंगानं भरलाय. जळगावला माझी पिशवी दोनदा साफ करून झाली, नळ्या तपासून झाल्या. त्याच्या बोटाला साधी सुईसुद्धा कुणी टोचली नव्हती.

शेवटी धुळ्याला, देवपुरातल्या एका डॉक्टरांनी माझी फाईल चाळून विचारलं, "आणि यांची तपासणी कुठंय?" मी नवऱ्याकडे बघितलं, तो पंख्याकडे बघत होता. तपासण्या झाल्या. रक्तात साखर भलतीच वाढलेली, शुक्रजंतू कमी आणि तेही मंद. डॉक्टर म्हणाले, "याचा त्याच्याशी संबंध असू शकतो. वजन उतरवा, साखर आटोक्यात आणा. खात्री देत नाही, पण आशा आहे." परतताना एसटीत मी म्हटलं, आपण दोघं मिळून करू. तो हो म्हणाला.

घरी सासूनं विचारताच म्हणाला, "मनं बठ्ठं चांगलं शे." त्याचं सगळं चांगलं, म्हणजे खोट माझ्यातच. मी रिपोर्टमधलं सांगायला गेले, तर सासू माझ्यावरच उसळली, "मना पोर्‍याले काय धाड भरनी?"

दोन महिन्यांत घरचे त्याच्यासाठी दुसरी बायको बघायला लागले. मुलीचे वडील आमच्याकडे आले, तेव्हा चहा घेऊन मलाच पाठवलं. केवढी हिंमत या लोकांची! कपबशी ठेवली आणि डॉक्टरांचं बोलणं मी सगळं सांगून टाकलं. म्हटलं, उद्या तुमच्या पोरीलाही असंच उपाशी ठेवतील.

त्यांनी नवऱ्याला विचारलं, "भाऊ, बाई म्हनस ते खरं शे का?"

त्यानं मान वर केली नाही. ते चहा न घेताच उठले.

त्या मुलीचं आयुष्य वाचलं. माझं नाही. गोळ्या घेतल्या तर गावात कळेल, म्हणून त्यानं कधी औषध घेतलं नाही, आणि माझं वय निघून गेलं. सासू मरेपर्यंत मला वांझ म्हणत राहिली, आणि खरं काय ते माहीत असलेला माणूस शेजारी बसून ऐकत राहिला.