उतरतं, असं मी म्हणाले

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — नवऱ्याला नाही, देवालाही नाही. देवाला ठाऊक असेलच म्हणा. पण आपल्या तोंडानं सांगणं वेगळं.

आमचे हे विंचू उतरवायचे. खालापुराकडच्या आमच्या गावात कुणाला विंचू चावला की तो आमच्याच ओटीवर यायचा. पैसा कधी घेतला नाही. घेतला तर मंत्र जातो, म्हणत. लिंबाच्या डहाळीनं खांद्यापासून बोटांपर्यंत झाडत आणि मधूनमधून विचारत — आधीपेक्षा जास्त, की कमी? कमी म्हटलं की डहाळी आणखी खाली. सगळं त्या उत्तरावर. आणि एवढा भला माणूस आपल्यासाठी घाम गाळतोय, ओटी माणसांनी भरलीय — तिथं जास्त म्हणायचं कुणी?

लग्नानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात सरपण काढताना मलाच चावला. यांनी झाडलं, विचारलं. हात नुसता पेटला होता, कळ वाढतच होती — आणि मी म्हणाले, कमी. पुन्हा विचारलं, पुन्हा कमी. घरची बायकोच जास्त म्हणाली असती तर यांची काय शोभा राहिली असती? मग माजघरात पदर दातांत धरून पडून राहिले. कळ आपोआपच थांबली. यांचं नाव मात्र गावोगाव झालं, आणि खरं सांगू? मला त्याचा अभिमान वाटला.

इथवर पाप माझ्या एकटीपुरतं होतं. पुढचं सांगायला जीभ रेटत नाही — पण सांगते.

शेजारच्या सखूची चिमी, सहा-सात वर्षांची. भाताच्या रोपांची जमीन भाजायला, राबासाठी, शेतात रचलेल्या फांद्यांत तिला तांबडा विंचू चावला. भर दुपारी आमच्याकडं आणली. कर्जतच्या डॉक्टराकडं न्यावी की काय, म्हणून बापानं गाडीही जुंपून ठेवली होती. यांनी झाडायला घेतलं, विचारलं. पोर म्हणाली, "जास्त हाय." पुन्हा विचारलं. "जास्त हाय, काका." अंग गार, घामानं भिजलेलं, ओकाऱ्या चाललेल्या. भीड धरायला तिला अजून कुणी शिकवलं नव्हतं. यांचा हात थांबला. सखूनं माझ्याकडं पाहिलं. "वयनी, तुमी सांगा. गाडी काढू का?"

मला ठाऊक होतं. त्या ओटीवर माझ्या एकटीलाच ठाऊक होतं. आणि मी म्हणाले, "पहिल्यांदा वाढल्यागत वाटतं गं. मला बी तसंच झालं होतं. मग उतरतं."

बैल सोडले. दिवस मावळायच्या आत चिमी गेली.

डॉक्टरानं वाचवली असती? कोण जाणे. तांबडा विंचू लहान पोराला सोडत नाही, असं सगळेच म्हणाले. पण बोलताना माझ्या मनात डॉक्टर नव्हता, चिमीही नव्हती. चारचौघांत यांची मान खाली जाऊ नये, एवढंच होतं.

सखू अजूनही वालाच्या शेंगांचा पहिला तोडा आमच्याकडं घेऊन येते. तुमी माझ्या पोरीसाठी किती केलंत, म्हणते. मी शेंगा घेते. शिजवते, यांना वाढते, आणि स्वतःही खाते.