किरणचा डोळा आणि आप्पांचा पाय

“रेटिना डिटॅचमेंट आहे. उजव्या डोळ्याचं ऑपरेशन उद्याच करायला हवं. आणि बॉक्सिंग आजपासून बंद,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

माझा भाऊ किरण खुर्चीत ताठ बसला होता. राज्याचा चॅम्पियन. पंचाच्या अंगावर धावून गेला म्हणून त्याच्यावर बंदी होती आणि ती उठायला थोडेच दिवस राहिले होते. त्याने विचारलं, “बंद म्हणजे किती महिने?”

“कायमचं. पुन्हा एक ठोसा बसला तर डोळा जाईल.”

तो उठला आणि केबिनचं दार आपटून बाहेर गेला. मी बाईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, “माफी राहू दे. उद्या सकाळी त्याला घेऊन ये, काही न खाता.”

रेटिना म्हणजे डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला असलेला पातळ पडदा. आपल्याला जे दिसतं ते त्याच्यामुळे. तो जागेवरून सुटला की त्याला रक्त पोचत नाही आणि नजर जायला लागते. दुखत मात्र अजिबात नाही, आणि तिथेच माणूस फसतो. किरणला आधी काळे ठिपके दिसत होते. मग बाजूला वीज चमकल्यासारखं व्हायचं. त्याला वाटलं, सरावात मार बसला की असं होतंच. तो घरी येऊन बर्फ लावायचा आणि गप्प बसायचा. बॉक्सरची ही सवयच असते म्हणे, दिसत नाही असं सांगितलं तर शिकवणारे सर रिंगमध्ये उतरवणार नाहीत. एक दिवस जेवताना त्याने भाजी मागितली. भाजी त्याच्या ताटात उजव्या हातालाच वाढलेली होती. तेव्हा मी त्याला धरून दवाखान्यात नेलं.

मी मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर बिलं करते. दिवसभर हमाल, व्यापारी आणि टेम्पोवाल्यांशी बोलायचं, त्यामुळे तोंड फटकळ आहे. माझ्यापुढे किरणचंही फारसं चालत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्याला उठवलं तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून म्हणाला, “आक्के, मला नाय करायचं ऑपरेशन. बॉक्सिंग नाय तर डोळा ठेवून काय करू?”

“माझं लग्न जमलं तर बघायला ठेव. चल, चप्पल घाल.”

ऑपरेशनचं नाव व्हिट्रेक्टॉमी. डोळ्याच्या आतला जेलीसारखा पदार्थ काढतात, पडदा जागेवर बसवतात आणि आत गॅस भरतात. त्या गॅसचा बुडबुडा पडद्याला दाबून धरतो. बुडबुडा नेहमी वर चढतो, म्हणून रुग्णाने तोंड जमिनीकडे ठेवायचं. बसताना, जेवताना, झोपतानासुद्धा. बाईंनी बजावून सांगितलं, “ऑपरेशन मी केलं, पण ते टिकवायचं काम तुमचं आहे. वजन उचलायचं नाही. विमान नाही आणि घाटही नाही, उंचीवर गॅस फुगतो.”

घाटाचं ऐकून आई हबकली. आम्ही मूळचे साताऱ्याकडचे. ऑपरेशन पार पडलं की लेकाला डोंगरावरच्या देवीच्या पायांवर घालीन, असं ती कबूल करून बसली होती आणि मामाने गाडीही ठरवली होती. “देवीच्या वाटेवर गॅस कसा फुगंल?” ती म्हणाली. मी म्हटलं, “आई, देवी थांबेल, गॅस थांबणार नाही.” दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. गाडी मात्र मी रद्द केली.

आमचं घर कोपरखैरण्याला, माथाडींच्या वस्तीत. किरण प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचा आणि समोरच्या टेबलावर उशी ठेवून कपाळ तिच्यावर टेकायचा. त्याला फरशी आणि आल्यागेल्याचे पाय, एवढंच दिसायचं. वस्तीतल्या लोकांनी शहाळी आणून घर भरलं. जो तो यायचा आणि म्हणायचा, “किरण, जरा वर बघ की.” मी प्रत्येकाला दारातच समजावायचे. पुढे पुढे तो पायांवरूनच माणसं ओळखायला लागला. शेजारच्या काकू दारात आल्या की खालूनच म्हणायचा, “काकू, पैंजण नवीन का?” काकू खूश व्हायच्या. मला बरं वाटायचं, कारण बाकी वेळ तो बोलतच नव्हता.

मला भीती डोळ्याची कमी आणि त्याची जास्त वाटत होती. हा मुलगा लहानपणापासून एकच गोष्ट शिकला होता. ती काढून घेतल्यावर तो एक तर दारूत बुडेल, नाही तर एक डोळा घेऊन पुन्हा रिंगमध्ये उतरेल, अशी माझी खात्री होती. म्हणून मी रोज कामावरून आले की त्याच्यासमोर फरशीवर आडवी व्हायचे, म्हणजे आमची तोंडं समोरासमोर यायची, आणि एकच प्रश्न विचारायचे. “बॉक्सर नसतास तर कोण झाला असतास?”

पहिल्या दिवशी त्याने शिवी दिली. दुसऱ्या दिवशी म्हणाला, “आप्पांसारखा माथाडी.”

“वजन उचलायला बंदी आहे. दुसरं सांग.”

“बाउन्सर.”

“पहिल्याच दिवशी गिऱ्हाईकाचे दात पाडशील. दुसरं.”

“एअरपोर्टला टॅक्सी चालवीन.”

“एका डोळ्याने? मी नाही बसणार. दुसरं.”

तो हसला. पण रोज एकेक धंदा बाद होत गेला, तशी मला आतून धडकी भरत होती. मी विचारणं मात्र सोडलं नाही.

आप्पा म्हणजे आमचे वडील. आयुष्यभर कांदा-बटाटा मार्केटमध्ये पाठीवर गोणी वाहिल्या, आता घरी असतात. बंदी आली तेव्हा ते किरणला म्हणाले होते, “तुझ्यामुळं मला मार्केटात तोंड दाखवाय जागा नाय ऱ्हायली.” तेव्हापासून बाप-लेकाचं बोलणं बंद होतं. किरण खाली बघून बसलेला असायचा आणि आप्पा त्याच्यासमोरून मुकाट्याने ये-जा करायचे.

एका संध्याकाळी आप्पा जिन्यात घसरले. घरात आले ते काही झालंच नाही असा चेहरा करून. मी आणि आईने तो चेहराच बघितला. किरणला दिसत होते फक्त पाय.

“आप्पा, थांबा. डावा घोटा सुजलाय. पुढं करा पाय.”

आप्पा थांबले, पण जागचे हलले नाहीत. “काय नाय झालं.”

“पुढं करा म्हटलं ना. आक्के, माझी बॅग दे.”

त्या बॅगेत त्याच्या हाताला गुंडाळायच्या पट्ट्या होत्या. ऑपरेशनपासून त्याने ती बॅग कुणाला उघडूही दिली नव्हती. आप्पा खाटेवर बसले आणि त्यांनी पाय किरणच्या मांडीवर ठेवला. किरणने कपाळ टेबलावरून काढलं, पण मान खालीच ठेवली. आधी बोटांनी घोटा चाचपला, सगळी बोटं हलतात का ते बघितलं. मग तळव्याखालून, घोट्यावरून, टाचेमागून पट्टी नेली. कुठे सैल नाही, कुठे काचत नाही. मध्ये एकदा त्याचा हात थांबला. आप्पांच्या टाचांना खोल भेगा होत्या आणि अंगठा एका बाजूला कलला होता. किरण बराच वेळ तो पाय बघत राहिला.

“असलं दुखतं रोज?” त्याने विचारलं.

“सवय हाय,” आप्पा म्हणाले. मग पाय टेकवून उभे राहिले आणि म्हणाले, “आरं, लई हलकं वाटाय लागलं की.”

मी स्वयंपाकघरात जाऊन रडले. आई कधीच तिथे पोचली होती.

हाड मोडलेलं नव्हतं, दुसऱ्या दिवशी एक्स-रे काढून खात्री केली. त्या संध्याकाळी मी फरशीवर आडवी झाले, तर माझ्या आधी तोच बोलला. “आक्के, माझा हात दोनदा मोडला तेव्हा प्लास्टर रूममध्ये गेलो होतो ना? तिथल्या कामाचं शिक्षण कुठं मिळतं? उद्या विचारून ये.”

मी उद्याची वाट बघितली नाही, तेव्हाच फोन लावले.

पुढे गॅस हळूहळू विरला. नजर आली, पण अर्धवट. मधोमध धूसर दिसतं आणि सरळ रेघ वाकडी दिसते. बाई म्हणाल्या, “तू तोंड खाली ठेवलंस म्हणून एवढं तरी वाचलं.” त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. किरणने शिक्षण पुरं केलं आणि आता तो एका हॉस्पिटलच्या प्लास्टर रूममध्ये काम करतो. चिडतो अजूनही, पण हातात कुणाचा मोडका हात असताना चिडत नाही.

तरी माझी भीती गेली नव्हती. मध्यंतरी त्याच्या जुन्या सरांचा फोन आला. उलव्याला एका हॉलमध्ये खाजगी लढती होत्या, डॉक्टरी तपासणी वगैरे काही नाही. किरण एवढंच म्हणाला, “येतो, सर,” आणि बॅग घेऊन निघाला. मी गाळ्यावर रजा टाकली आणि रिक्षा करून त्याच्या मागे गेले. कॉलर धरून आणायचं ठरवूनच गेले होते.

हॉलच्या मागच्या खोलीत तो स्टुलावर बसला होता, मान खाली घालून. समोर विशी-बाविशीचा एक बॉक्सर, पावणे गावातल्या कुठल्याशा वर्कशॉपमध्ये काम करणारा. किरण त्याच्या हाताला पट्टी बांधत होता. मी दारात उभी राहिले. त्याने वर बघितलंच नाही.

“आक्के, चप्पल बदल आता. टाच पार झिजलीय.”

किरण त्या मुलाला विचारत होता, “डोळ्यासमोर काळे ठिपके दिसतात? वीज चमकते बाजूला? खरं सांग, मीपण खोटं सांगायचो.”

मुलाने दाराकडे बघितलं. मग हळूच म्हणाला, “डाव्या डोळ्याला. चार-पाच दिवस झाले. पण भाऊ, सरांना नका सांगू.”

किरणने बांधलेली पट्टी सोडायला सुरुवात केली. मुलगा हात ओढत होता, पण किरणने सोडला नाही. पूर्ण पट्टी उलगडली, गुंडाळून बॅगेत ठेवली आणि म्हणाला, “आज नाय लढायचं. सरांचं मी बघतो. आक्के, रिक्षा आहे ना बाहेर? याला डॉक्टरबाईंकडे घेऊन जा. आत्ताच.”

ज्यांच्या घरात कुणी असे ठिपके लपवत असेल, त्यांना मी हेच सांगेन. बर्फ लावत बसू नका. दुखत नाही म्हणून थांबू नका.

रिक्षात तो मुलगा सारखा विचारत होता, “ताई, काय नसेल ना?” मी म्हटलं, “नसलं तर घरी जाऊन जेव. असलं तर तोंड खाली ठेवून बसायचं. मी येते रोज बोलायला.”