बिनफवारणीच्या चार ओळी

ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर सर घरामागच्या शेडमध्ये पोर्सेलिनच्या वाट्या करायचे. मी शिकायला गेले आणि तिथलीच झाले. जुन्या चिनी भांड्यांवर असते तशी धुरकट हिरवी झिलई त्यांना हवी होती. तिला द्राक्षाच्या काड्यांची राख लागे, पण मोरचूद न फवारलेल्या वेलींची. नाहीतर मोरचुदातलं तांबं राखेत उतरतं आणि हवा कोंडलेल्या भट्टीत लाल होतं.

पिंपळगावला त्यांच्या धाकट्या भावाची बाग होती. त्यांनी सरांसाठी चार ओळी बिनफवारणीच्या राखल्या होत्या. केवडा रोग पडून घड जायचे, तरी.

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, एप्रिलच्या छाटणीनंतर, मी लुनावरून राख आणायला गेले. भाऊ बाहेर गेलेले, काड्या अजून जाळायच्या होत्या. पुन्हा खेप कोण घालणार? शेजारच्या बागेच्या बांधावरची तयार राख पोत्यात भरली. सरांना सांगितलं, भाऊंची आहे.

भट्टी उघडली तर प्रदर्शनासाठीच्या सगळ्या वाट्यांवर लाल डाग.

सरांनी तिथूनच फोन लावला. "फवारलंस ना? माझ्याशी खोटं?"

पलीकडचा आवाज मला ऐकू येत होता. "दादा, आईची शपथ, नाय मारलं."

"वर शपथ घेतोस?" सरांनी फोन आपटला. मी कोरडी चाळणी पुसत राहिले.

प्रदर्शनात त्याच वाट्या गाजल्या. हा लाल कसा आणला, असं कुणी विचारलं की सर म्हणायचे, "भावानं दिलाय." लोकांना ते कौतुक वाटायचं. दोघं पुन्हा बोलले नाहीत. आणि मी रोज शेडमध्ये जात होते.

काही वर्षांनी सर गेले. दहाव्याला भाऊ आले, लांब उभे राहिले. तेव्हा कुठे मी त्यांना सगळं सांगितलं.

"ठाऊक हाय, ताई. फोन झाल्यावर दोन दिसांनी शेजारी बोलला, तुमची लुनावाली माझी राख भरून गेली."

"मग सरांना का नाही सांगितलंत?"

"सांगितलं होतं की. शपथ घेऊन. त्याला वाटी खरी वाटली."

मग म्हणाले, "त्या चार ओळींच्या काड्या मी दर साली येगळ्या जाळल्या. कधी फोन आला तर, म्हणून. पोती पडून हायेत. घेऊन जा."

मी अजून गेलेले नाही.